शाळा दुबईची, घर वसईचे

मागच्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे दुबईहून सुटीवर आले. "फादर, मुलीला ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत घालू की सीबीएसईच्या?" दोन्ही शाळा इंग्रजीच, परंतु पहिलीची फी बहुधा जड, वर्ष सप्टेंबरात सुरू होणारे, दुसरीचे एप्रिलात. आमचे सेमिनरीतील शिक्षण इंग्रजीतूनच झालेले, तेव्हा इंग्रजीला नावे ठेवणार कसे? आम्ही एवढेच विचारले, "नोकरी सुटली तर?" आखातात नोकरीबरोबर वास्तव्याचा परवानाही सहसा सरतो, आणि मग मुलीला वसईच्याच वर्गात बसावे लागणार. दोघेही बराच वेळ गप्प राहिले. अखेर अर्ज सीबीएसईचा भरला. ओसरीवर आजी मराठीत जपमाळ म्हणत होती. नात इंग्रजीत प्रतिसाद देत होती.