ओट्यामागची काच

हल्ली स्वयंपाकघराचं काम काढणाऱ्या बऱ्याच घरांना डॅडोला टाइल्सऐवजी काच हवी असते. कारण रास्त आहे. फोडणी देताना मोहरी तडतडली की हळदीचं तेल भिंतीवर उडणारच. टाइल पुसून निघते, पण दोन टाइल्समधला पांढरा सांधा पिवळा पडला की घासूनही उजळत नाही. काचेला सांधा नसतो, फार तर एखादा. मलाही ओट्यामागे काच मनापासून आवडते. पण तिची निवड लोक रंगाच्या कार्डापासून सुरू करतात. ती शेगडीपासून सुरू व्हायला हवी.

मागून रंगवलेली काच दोन प्रकारची मिळते, आणि समोरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. लॅकर्ड ग्लास म्हणजे कारखान्यातूनच रंग लावून आलेली साधी काच. ती हवी तशी कापता येते, स्वस्त पडते आणि कपाटाच्या शटरला उत्तम. दुसरी टफन्ड. साधी काच एका जागी तापली आणि शेजारी गार राहिली, तर चाळीसेक अंशांच्या फरकालाही तडकू शकते. टफन्ड काच दोनशेच्या आसपासचा फरक सोसते. पुरणाचं मोठं पातेलं मागच्या बर्नरवर चढवा आणि बघा, पातेल्याच्या बुडाखालून ज्योत कशी भिंतीकडे सरकते ते. शेगडीमागे लॅकर्ड लावायचीच नाही, दुकानदार काहीही म्हणो. ‘लॅकर्डच टफन करून देतो’ असं कोणी सांगितलं, तर दुकान बदला. टफनिंगच्या भट्टीत काच सहाशे अंशांच्या वर तापते. तिथे तो रंग जळून जाईल. म्हणून रंग टफनिंगनंतर चढवतात, नाहीतर सिरॅमिकचा रंग भट्टीतच काचेवर भाजून घेतात.

भट्टीतून निघालेल्या काचेवर दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि वरच्याला आवळून धरतो. या आवळण्यामुळेच ती साध्या काचेच्या चार-पाचपट मजबूत होते, आणि फुटलीच तर सुरीसारखे तुकडे न होता बारीक दाणे होतात. पण याच कारणाने टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही, की तिला भोक पाडता येत नाही. स्विचबोर्डाचा कट, वॉटर प्युरिफायरच्या नळीचं भोक, नळाची जागा, सगळं भट्टीत जाण्याआधी. कटाचे कोपरे काटकोनी न ठेवता किंचित गोल ठेवावे लागतात, कारण ताण कोपऱ्यातच साठतो.

म्हणून माप हाच या कामाचा जीव. ग्रॅनाइट बसल्याशिवाय आणि वरची कपाटं टांगल्याशिवाय माप घेऊच देऊ नका. नकाशावरून तर नाहीच. मी भिंतीवर ॲल्युमिनियमची लांब पट्टी आडवी-उभी धरते आणि मागून उजेड कुठे दिसतो ते पाहते. प्लास्टरला चार-पाच मिलिमीटरचा फुगवटा असला, तर काच त्यावर डुगडुगते. ती वाकून भिंतीला बसत नाही. आधी भिंत सरळ करायची, मग माप. दोन्ही कर्ण मोजायचे, कारण आपल्या इमारतींत काटकोन क्वचितच काटकोन असतो. कडेला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची.

आणखी एक गोष्ट आधी बघा: काच वर येणार कशी? आठ फूट लांब, दोन फूट उंच, सहा मिलिमीटर जाडीची काच वीस किलोंच्या वर भरते. लिफ्टमध्ये मावली नाही आणि जिन्याच्या वळणावर वळली नाही, तर तीच काच दोन तुकड्यांत करून आणावी लागते. मग सांधा घ्या, पण शेगडीच्या मागे नको.

रंगाबद्दल थोडंच सांगते. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे तिच्यामागचा पांढरा रंग हिरवट दिसतो. पांढरा किंवा फिका रंग हवा असेल, तर एक्स्ट्रा क्लिअर काच घ्या. गडद रंगाला तिची गरज नाही. काळ्यावर मात्र पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून उठून दिसतो. नमुना घरी आणून ओट्यामागे टेकवून पाहा, दिवसा आणि दिवे लावूनही.

ओट्याच्या भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर ओल तपासाच. प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं, तर काच थांबवा. नाहीतर मागचा रंग सुटतो आणि डाग समोरून दिसत राहतात. सिलिकॉनच्या ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं हवं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन रंगाला बाधतं. काच थेट ग्रॅनाइटवर टेकवू नका, खाली पातळ पॅकिंग ठेवून फट सिलिकॉनने भरा. निदान एक दिवस तिला हात लावू नका. पुढे रोजच्या पुसण्याला साबणाचं ओलं फडकं पुरतं, तारेची घासणी नको.

टफन्ड काच क्वचित आपोआपही फुटते. काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण अडकलेला असतो आणि तो कालांतराने फुगतो. हीट सोक चाचणीत अशा बहुतेक काचा कारखान्यातच फुटून जातात. खर्च थोडा वाढतो, तरी ती मागून घ्या.

टफन्ड काचेच्या कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का असतो. ऑर्डर देतानाच तो दिसेल अशा कोपऱ्यात मागा. काच घरी आली की भिंतीला लावण्याआधी शिक्का पाहा, आणि नसेल तर काच परत पाठवा.