वास नसलेला महिना

वारणेच्या खोऱ्यात हवा हुंगून महिना सांगता यायचा. मृगाचा पहिला पाऊस झोडपून गेला की तापलेल्या काळ्या रानातून जो दरवळ उठे, तो ज्येष्ठाचा. ओलं गवत आणि गोठ्यातली ऊब, हा श्रावण. आश्विनात भुईमूग उपटायला लागले की शेंगांना चिकटलेल्या मातीचा कच्चा वास घरात यायचा. मार्गशीर्षाला मात्र वासच नसायचा. नुसता गारवा, थेट छातीत उतरणारा. दहिवरानं पाय भिजायचे आणि समोर जोतिबाचा डोंगर असा लख्ख दिसायचा, की त्याच्या घळी अन् घळी वेगळ्या दाखवाव्यात. तो वास नसलेला महिना गेला. त्याचं सुतक कुणी धरलं नाही.

आता दिवाळी सरते, साखर कारखान्याचा भोंगा वाजतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फड तुटतो, वाढं जनावरांपुढं पडतं, मोळ्या ट्रॉलीत चढतात, मागं गुडघाभर पाचट राहतं. संध्याकाळी वारा पडला की बांधाच्या कडेला कुणीतरी काडी ओढतं. तडतड आवाज होतो, आभाळ तांबडं होतं आणि बघता बघता सगळं रान काळं पडतं.

सकाळी दोरीवरच्या धुण्यावर त्या फडाची पानं येऊन बसलेली असतात. जळूनही पानाचा आकार मोडलेला नसतो. मधली शीर तशीच, तिच्या दोन्ही अंगांच्या बारीक रेघाही तशाच. चिमटीत धरलं की त्याची पूड होते आणि बोटांच्या ठशांत भरते. म्हणून बायका काजळी झटकत नाहीत, हलकी फुंकर मारतात. लुगडं तेवढ्यानं वाचतं. पण जे फुंकरीला दिसतच नाही, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढं बारीक, ते छातीत जातं आणि तिथंच घर करतं.

पावसाळ्यात हाच धूर धुऊन गेला असता. थंडीत रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वरचा उबदार थर झाकण घातल्यासारखा तिला कोंडून ठेवतो. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला दम्याचा म्हातारा त्याच धुरातून थांबत थांबत जातो. शाळेला निघालेली पोरं त्यातूनच पळतात. फडाकडेच्या खोपीत बीडकडून आलेली तोडकरीण उजाडायच्या आत तीन दगडांवर भाकरी भाजते. तिच्या वाट्याला चुलीचाही धूर आणि रानाचाही.

जुनी हवा निर्मळ होती, असं मी म्हणणार नाही. चुलीपुढं पदरानं डोळे पुसत जन्म काढलेल्या आज्या त्याला हसतील. गुऱ्हाळाचं चुलवाणही धूर ओकायचंच. पण तेव्हा शिवारात जाळण्याजोगं फारसं उरतच नसे. जोंधळ्याचा कडबा गंजीला लागायचा, भुईमुगाचा पाला आणि भाताचं पिंजर गोठ्यात जायचं. ज्याचं पाचट जनावर खाईना असं पीक शिवारभर झालं आणि त्याच्या मागं राहिलेल्याला आपण कचरा म्हणू लागलो. हवा बिघडली ती तिथून.

शेतकऱ्याला नुसतं गुन्हेगार ठरवूनही भागत नाही. खोडव्याला पाणी लवकर द्यायचं असतं, पाचटात पाणी सरकत नाही, उंदीर माजतात, सापाची भीती असते, बुडखे छाटायला माणूस मिळत नाही. पंधरा-वीस रुपयांच्या काडेपेट्यांच्या पुड्यात अख्ख्या गावाची रानं मोकळी होतात. त्या स्वस्ताईची किंमत दवाखान्यात मोजली जाते आणि ती उसाच्या हिशेबात कुणी धरत नाही.

सरकारदप्तरी तर हे दुःखच नाही. २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला. कोल्हापूर, सांगली, सोलापूर त्यात आहेत, पण तो कार्यक्रम शहरांचा. बारीक कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असं आपलं मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. खेड्यात हे मोजायचं कुणी? जिथं मोजमाप नाही, तिथं नुकसान नाही, असा हा कागदाचा न्याय.

आणि आपण जाळतो तरी काय? हेक्टरी आठ ते दहा टन पाचट. त्यात नत्र आहे, स्फुरद आहे, पालाश आहे, जमिनीला हवा असलेला कर्ब आहे. नत्र आणि कर्ब धुरावाटे घालवायचे आणि मग पोत्यानं खत आणायला उधारी करायची! तेच पाचट सरीत दाबलं, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं, तर ते रानातच कुजतं. ओल टिकते, तण दबतं. कृषी विद्यापीठं हे कधीपासून सांगताहेत, आणि ज्यांनी करून पाहिलं त्यांचे खोडवे आपल्या डोळ्यांसमोर उभे आहेत.

सगळं रान नको, यंदा एक एकर ठेवून बघा. तोड झाली की काडेपेटी घरी ठेवून रानात या.