न सांगितलेली गाठ

धाकटा मामा कोल्हापुरात पेठेच्या संघाचा गोलकीपर होता. शाहू स्टेडियमवर त्याचा सामना असला की सगळी गल्ली तिकडे लोटायची. आज्जीला घरात बसून नुसत्या ओरड्यावरून कळायचं, गोल आपण केला की आपल्यावर झाला. एरवी संध्याकाळी मामा तालमीच्या पोरांना धुळीत लोळवायचा. “बॉल मागनं अडवा, आदी पडाय शिका,” म्हणायचा. खेळणं संपलं की कोच व्हायचं, हे त्याचं ठरलेलं होतं.

पंचविशी ओलांडली आणि तो गेला. अंडकोषात गाठ आली होती. दुखत नव्हती, आणि जागा अशी की घरात सांगणार कुणाला? कंबर धरून चालू लागला तेव्हाही “उडी मारताना पाठ भरली,” म्हणाला. निदान झालं तोवर आजार फुफ्फुसात पोचला होता. नातेवाईक अजूनही ‘पोटाचं दुखणं’ एवढंच म्हणतात.

होसे मोलिनाला हाच आजार झाला तेव्हा तो 32 वर्षांचा होता. स्पेनमधल्या देपोर्तिवो ला कोरुन्या संघाचा गोलकीपर. 2002 च्या ऑक्टोबरात त्याने ते जगासमोर सांगितलं, खेळ थांबवला, उपचार घेतले आणि पुढच्या वर्षी परतला. एप्रिल 2004 मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये आदल्या सामन्यात मिलानकडून 4-1 असा मार खाल्लेल्या देपोर्तिवोने घरच्या मैदानावर त्यांना 4-0 ने उलथवलं. त्या रात्री गोलमध्ये मोलिनाच होता.

त्याच्या धैर्याचं कौतुक आहेच. पण मला राहून राहून दुसरंच आठवतं. 1996 साली अॅटलेटिको माद्रिदने स्पेनची लीग आणि चषक दोन्ही जिंकले, तेव्हा मोलिना त्या संघात होता आणि बल्गेरियाचा ल्युबोस्लाव्ह पेनेव्हही. याच आजारामुळे पेनेव्हचा 1994 चा विश्वचषक हुकला होता. बरा होऊन तो पुन्हा गोल करत होता. पुढे बल्गेरियाचा प्रशिक्षकही झाला. म्हणजे या दुखण्यातून उठलेला माणूस मोलिनाने कपडे बदलायच्या खोलीत रोज पाहिला होता. मामाने असा कुणीच पाहिला नव्हता. झालेही असतील बरे, बोललं कोण?

मोलिना 2007 मध्ये निवृत्त झाला आणि प्रशिक्षक बनला. 2016 च्या डिसेंबरात अंधेरीच्या मैदानावर मी त्याला पाहिलं. आपल्याकडच्या फुटबॉल लीगमधल्या मुंबई सिटीविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात त्याने कोलकात्याच्या संघातले अकरापैकी नऊ खेळाडू बदलले होते. त्यांचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला. तरी दहा जणांनी 0-0 राखलं. काही दिवसांनी त्यांनी कोचीत अंतिम सामनाही जिंकला. पुढे 2024-25 च्या हंगामात मोहन बागानला त्याने लीग शील्ड आणि चषक दोन्ही मिळवून दिले. अंधेरीत त्या दिवशी रेषेबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघताना मी सामना कमी आणि मामाचं राहिलेलं आयुष्य जास्त पाहत होतो.

अंडकोषाचा हा कर्करोग जास्त करून ऐन तारुण्यात गाठतो. वेळेवर कळला तर जवळजवळ सगळे बरे होतात. गाठ बहुतेकदा दुखत नाही, आणि तिथेच पोरं फसतात. तुमच्या घरात खेळणारा मुलगा असेल तर त्याला हे आजच, न लाजता सांगा: दुखत नसली तरी गाठ डॉक्टरला दाखवायची.