मोठा एस की छोटा?

२००५ साली मी दोहामध्ये एका कंत्राटदार कंपनीत हिशेबाचं काम बघत होतो. साइटवरच्या कामगारांच्या रजा, पगार, ग्रॅच्युइटी असं सगळं मी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये बसवलं होतं. सर्व्हरवरची तीच एक फाइल ऑफिसातले आम्ही पाच-सहा जण उघडायचो. पगाराचे आकडे कोणीही बदलू नयेत म्हणून मी तिला कुलूप लावलं.

हे कुलूप जरा वेगळं होतं. माहिती डेटाबेसमध्ये, पण युजरची नावं, गट आणि पासवर्ड दुसऱ्याच एका छोट्या फाइलमध्ये. तिला वर्कग्रुप फाइल म्हणत. नावाच्या शेवटी एमडीडब्ल्यू. ती नसली की डेटाबेस कोणालाच ओळखत नसे. हरवली तर पुन्हा बनवता यायची, पण आधी दिलेलं नाव, कंपनीचं नाव, वर्कग्रुप आयडी आणि युजरचे पर्सनल आयडी हुबेहूब तेच हवेत. मोठं-छोटं अक्षरसुद्धा चुकून चालत नसे.

याची नोंद फक्त माझ्या वहीत होती. खरं सांगतो, मुद्दाम. परदेशातली नोकरी, किल्ली आपल्याकडे असली की आपली गरज राहते, असा माझा हिशेब.

सप्टेंबरअखेर वडिलांना दवाखान्यात ठेवलं म्हणून मी घाईने सांगलीला आलो. चौथ्या दिवशी ऑफिसचा फोन. सर्व्हरवर जागा करताना कोणीतरी ती इवलीशी फाइल उडवली होती. बॅकअप रोज व्हायचा, पण डेटाबेसचा. ही फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये होती आणि तिचा बॅकअप मीच लावला नव्हता. दशैंसाठी नेपाळला निघालेल्या अकरा जणांचा रजेचा हिशेब आत अडकला. तिकिटं काढून झाली होती.

वही नजमातल्या माझ्या खोलीत, खोलीची किल्ली शेजारच्या काकूंकडे. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून मी फोन कानाला लावला आणि काकू एकेक अक्षर वाचू लागल्या.

“एस.”

“काकू, मोठा की छोटा?”

“अरे, तुझ्या अक्षरात दोन्ही सारखेच!”

मी ते ऑफिसला कळवायचो, तिकडे फाइल बनायची, डेटाबेस नाही म्हणायचा. दोन दिवस गेले. शेवटी तो एस मोठा निघाला. नऊ जणांना पैसे वेळेत मिळाले. दोघे अर्ध्या पैशांवर सणाला गेले.

त्यांतल्या एकाने परत आल्यावर विचारलं, “सर, वो फाइल मिल गया?” मी हो म्हटलं. तिची किल्ली मीच लपवली होती, हे सांगायचं धाडस झालं नाही.

मग सगळे आयडी सुवाच्य अक्षरात लिहून, पाकीट बंद करून साहेबांच्या तिजोरीत दिलं. नोकरी काही गेली नाही. पुढे अ‍ॅक्सेस २००७ च्या नव्या फाइलींमधून मायक्रोसॉफ्टने ते कुलूपच काढून टाकलं.

पाकिटाची सवय मात्र राहिली. बँक, विमा, गावच्या घराचे कागद, सगळ्यांची नोंद एका पाकिटात. यंदा दिवाळीच्या साफसफाईत ते बायकोला उघडून दाखवलं. तिने चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि विचारलं, “हा एस मोठा की छोटा?”

पुन्हा लिहायला बसलोय.