लिहून देणार, लिहून घेणार

शहाण्या माणसानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मी ती चढलेलो नाही. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाला तेवढं शहाणपण असतंच. पण ही म्हण रचणाऱ्यानं वकिलाच्या जिन्याबद्दल काहीच सांगून ठेवलेलं नाही, आणि तिथंच माझा घात झाला. आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, पायऱ्या चौतीस. २०१९ सालच्या जून ते ऑक्टोबर या काळात मी तो जिना एकोणीस वेळा चढलो. उतरलोही तेवढ्याच वेळा असणार, पण उतरताना मोजायची शुद्ध राहत नसे.

निमित्त घराचं. पुण्यात आल्यापासून आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर राहत होतो. इतरांच्या संसाराचं वर्ष बारा महिन्यांचं, आमचं अकरा. घरमालक बदलले तरी पहिली अट एकच : भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे माझ्या वडिलांचा फोटो ते गेल्यापासून फ्रिजवर भिंतीला टेकून उभा होता. फ्रिजचं दार जरा जोरात लावलं की ते नापसंतीनं मान हलवत. कोथरूडला एका जुन्या सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट विकायचा आहे असं कळलं, तेव्हा आमच्या हिनं ना हॉल पाहिला, ना स्वयंपाकघर. भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "अहो, हिच्यात खिळा बसेल." मी त्याच संध्याकाळी एक लाख रुपये विसार देऊन आलो.

कर्ज आमच्याच बँकेचं. मंजुरीपत्रावर मुदत होती ३० सप्टेंबरची. त्याआधी बँकेच्या यादीतल्या वकिलाचा सर्च रिपोर्ट हवा; म्हणजे गेल्या तीस वर्षांत ही मिळकत कुणी कुणाला विकली, गहाण टाकली, बक्षीस दिली, याचा शोध. आमच्या साडूंनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. म्हणाले, "माणूस सावकाश आहे, पण पक्का आहे." विसार देऊन बसलेल्या माणसाला वाक्याचा उत्तरार्धच तेवढा ऐकू येतो.

वकीलसाहेब अतिशय सज्जन. त्यांनी मला चहा पाजला, कागद चाळले आणि म्हणाले, "आठ दिवसांत देतो." कुठले आठ, ते मी विचारलं नाही.

पहिल्या खेपेला माझी निळी फाईल त्यांच्या टेबलावर सगळ्यांत वर होती. दर खेपेला ती चार बोटं खाली गेलेली दिसे. जुलैअखेर ती गठ्ठ्याच्या मधोमध होती, आणि ऑगस्टमध्ये फक्त तिची एक निळी कड दिसू लागली. पाण्यात बुडणाऱ्या माणसाचा हात दिसावा, तशी. ती कड दिसली की मला बरं वाटे. निदान फाईल इमारतीत आहे.

साहेब भेटत नसत. भेटे तो त्यांचा कारकून. त्याच्याकडे वाक्यांचा पुरवठा मोठा. "साहेब शिवाजीनगर कोर्टात आहेत." "तुमचंच काम चाललंय." "झालंच आहे, फक्त टाइप व्हायचंय." "टाइप झालंय, फक्त सही राहिलीय." एकदा तर सही झालेली आहे, फक्त टाइप राहिलंय, असंही त्यानं सांगितलं. मी साहेबांच्या मोबाइलवर मेसेज टाकत असे. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटत आणि त्यानंतर शांतता. फक्त एका सकाळी त्यांच्याकडून एक गुलाबाचं फूल आलं आणि खाली 'संयम ठेवा, सारं काही मिळेल' असा सुविचार. तो त्यांनी सगळ्या जगाला पाठवला होता हे मला कळत होतं. तरी मी तो हिला दाखवला. म्हटलं, "बघ, उत्तर आलंय."

त्या कारकुनावर मला रागावता येईना. कारण त्याची सगळी वाक्यं माझ्या ओळखीची होती. गेली वीस वर्षं मी हीच वाक्यं काउंटरच्या अलीकडे बसून लोकांना देत आलो आहे. "साहेब रजेवर आहेत." "सिस्टिम डाउन आहे." "प्रोसेसमध्ये आहे, काकू." ही शेवटची मी त्याच दिवसांत एका काकूंना देत होतो. त्यांचे यजमान वारले होते, दोन लाखांची मुदत ठेव, नॉमिनी काकू. दर सोमवारी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन येत आणि माझ्यासमोर अशा उभ्या राहत, जणू उशीर त्यांच्याकडूनच झालाय.

ऑगस्टमध्ये एक प्रगती झाली. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापून आली : 'तमाम लोकांस कळविण्यात येते की...' कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवावं. नोटिशीत माझं नाव नव्हतं. मी नुसता 'माझे अशील'. मी अभिमानानं कात्रण मामांपुढे धरलं. त्यांनी चष्म्याशिवाय तो शब्द जरा वेगळाच वाचला आणि बराच वेळ माझ्याकडे संशयानं पाहत राहिले.

चौदा दिवस गेले. हरकत आली नाही. गणपती आले आणि गेले, रिपोर्ट आला नाही. मग लागला पितृपक्ष, आणि पितृपक्षात घराचे कागद करायचे नाहीत यावर आमची ही आणि विकणारे गृहस्थ यांचं, व्यवहार सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, एकमत झालं. पण लगेच त्यांनी बजावलंही, "दसऱ्यापर्यंत थांबतो. मग दुसरं गिऱ्हाईक बघणार." खरेदीखतात विकणाऱ्याला 'लिहून देणार' म्हणतात आणि घेणाऱ्याला 'लिहून घेणार'. आमच्याकडे देणारा तयार होता, घेणारा हातघाईवर आला होता. अडलं होतं ते फक्त न लिहिणाऱ्यापाशी.

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी मी जिना चढलो तो भांडायच्या तयारीनं. चौतीस पायऱ्यांत वाक्यं जुळवली. दार उघडलं तर साहेब एकटे, आणि त्यांच्यासमोर माझी निळी फाईल उघडी! माझी सगळी वाक्यं दारातच गळाली.

"बसा," ते म्हणाले. "फ्लॅट यांच्या आईच्या नावावर होता. १९९१ चं खरेदीखत. वडील आधीच गेलेले. आई २०१४ ला गेल्या, मृत्युपत्र नाही. सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर केलं, कारण मुलगा नॉमिनी. बरोबर?"

"बरोबर."

"आणि बहीण?"

"बहीण नाशिकला असते. तिचं काय? नॉमिनी तर..." आणि मी थांबलो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो फक्त पैसे स्वीकारणारा विश्वस्त. खरा हक्क वारसांचा. हे वाक्य मी काउंटरवरून इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. विम्याच्या नॉमिनीबाबत सुप्रीम कोर्टानं हे १९८३ सालीच सांगून ठेवलंय. सोसायटीच्या फ्लॅटचंही तेच : सोसायटीनं नॉमिनीच्या नावे भाग केला, तरी वारसांचा हक्क जात नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आईच्या मिळकतीत मुलगी मुलाइतकीच. दुसऱ्याच्या ठेवीबद्दल जे मी रोज सांगत होतो, ते स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकायच्या घाईत विसरलो होतो. नोटीसही छापली होती ती पुण्याच्या पेपरात. नाशिकच्या बाईंनी ती वाचायची कशी?

"तिचं हक्कसोडपत्र नोंदवून घ्या," साहेब म्हणाले. "नाही तर अर्ध्या घराचे पैसे द्याल ते भलत्याच माणसाला."

म्हणजे या माणसानं मला वाचवलं होतं. इतके दिवस साठवलेला राग काढायचं सुखसुद्धा त्यांनी मला मिळू दिलं नाही. तरी मी धीर करून विचारलं, "साहेब, हे शोधायला तीन महिने लागले?"

"छे हो," ते म्हणाले. "सापडलं अर्ध्या तासात. बघायला वेळ तीन महिन्यांनी मिळाला."

इतकं खरं बोलणारा वकील मी दुसरा पाहिलेला नाही.

नाशिकच्या बाई निरोप मिळताच आल्या. सही करताना भावाला एवढंच म्हणाल्या, "मला काही नकोच होतं रे. पण विचारायला तरी हवं होतंस." गृहस्थ खाली बघत राहिले. मीही कारण नसताना खालीच बघितलं. कर्जाची मुदत उलटली होती, मुदतवाढीसाठी मी आमच्याच कर्ज विभागात गेलो, तर माझा मित्र मान वर न करता म्हणाला, "बघतो. उद्या ये." पण ती मिळाली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, हवेलीच्या दुय्यम निबंधकांसमोर मी अंगठा टेकवला, फोटो काढून घेतला आणि लिहून घेणार झालो. दसऱ्याला हिनं पहिला खिळा ठोकला. वडील भिंतीवर गेले. तेव्हापासून मान हलवत नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारनंतरच्या सोमवारचं. काकू पिशवी घेऊन आल्या. "प्रोसेसमध्ये..." एवढं माझ्या तोंडून गेलं आणि तो 'अर्धा तास' आठवला. नॉमिनीचा असा दावा पंधरा दिवसांत निकाली काढायचा, हे रिझर्व्ह बँकेनं २००५ सालीच बजावलेलं आहे. काकूंचा सातवा सोमवार होता. मी उठलो, कपाटातून फाईल काढली. मृत्यूचा दाखला होता, अर्ज होता, ओळखीचे पुरावे होते. नव्हती ती माझी सही. ती केली, फाईल घेऊन ऑफिसरपुढे उभा राहिलो, त्यांची घेतली. सगळं मिळून बारा मिनिटं.

काकूंनी पावतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं? एवढंच होतं होय?"

"हो काकू," मी म्हटलं. "एवढंच होतं."

त्यांनी मला आशीर्वाद दिला. तो मी खाली बघूनच घेतला.