कोपऱ्यातले झाड

आमच्या घराण्यात गणित नाही, हे वाक्य मी आजवर इतक्या पाहुण्यांसमोर उच्चारले आहे की ते आडनावासारखेच आम्हाला चिकटले होते. वडील भूगोल शिकवीत, मी आष्टीला मराठी शिकवतो. आणि गणित नसणे हे आम्ही थोडेसे भूषण म्हणूनच मिरवीत असू. दहावीनंतर मी गणिताच्या पुस्तकाला हात लावलेला नाही. उभयपक्षी समाधान होते.

मागल्या उन्हाळ्यात मुलीने वर्ध्याला बी. एस्सी.ला जायचे ठरवले, तेही गणित घेऊन. पहिल्याच सत्रात कलन. बारावीला तिचे गणित जेमतेमच सुटले होते. एका रात्री ती वहीवर डोके टेकून बसलेली दिसली.

"काय झालं गं?"

"बाबा, तुम्हीच म्हणता ना, आपल्या घराण्यात गणित नाही? मग कशाला जाऊ मी?"

माझेच वाक्य असे माझ्या पुढ्यात येऊन बसेल, ही कल्पना नव्हती.

'विकलन' या शब्दाची फोड मी तिला सहज करून दिली असती. त्यापुढे एक पाऊल टाकता येईना. शेवटी आळीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. (आमचे गाव १६ ऑगस्ट १९४२ च्या लढ्यासाठी ठाऊक आहे, गणितासाठी नव्हे, पण गुरुजींना हे कोणी सांगितलेले नसावे.) वय ऐंशीच्या घरात, पावकी, निमकी, दिडकी, औटकी अजून मुखोद्गत. कलनाचे पुस्तक त्यांनी बाजूला सारले.

"हे मागाहून. आधी गंज कुठं लागलाय ते पाहू. प्राध्यापक, साताची औटकी, म्हणजे साडेतीनपट, किती?"

मी आढ्याकडे पाहिले. मुलगी हळूच म्हणाली, "साडेचोवीस."

पंधरा दिवस आम्ही दोघे बापलेक तिथे बसलो. अपूर्णांकाने भागताना तो उलटून गुणायचा, हे दोघांनाही पाठ होते. का, ते दोघांनाही ठाऊक नव्हते. गुरुजींनी पाऊण लिटर दूध आणि अर्ध्या लिटरचे माप पुढे ठेवले. एक माप भरले, दुसरे निम्मेच. दीड! भागाकार करून उत्तर मोठे कसे येते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

खरी मेख पुढेच होती. 'क्ष अधिक ह' यांचा वर्ग मुलगी क्षचा वर्ग अधिक हचा वर्ग एवढाच लिहीत असे. सूत्र येत होते. घाईत मधले पद गळे, आणि कलन तर त्या मधल्या पदावरच उभे. गुरुजींनी आम्हाला संत्र्याच्या बागेत नेले.

"दहा ओळी, ओळीत दहा झाडं. दोन बाजूंनी एकेक ओळ वाढव. किती झाली?"

"एकशे एकवीस."

"तुझ्या वहीप्रमाणं एकशे एकच."

ती हसली. दहा-दहा झाडांच्या दोन ओळी आणि कोपऱ्यात एकटे झाड. वहीत फक्त ते कोपऱ्यातले झाड लागले होते.

"आता झाडं विसर, जमीन पाहा. वाढ वीतभर कर, बोटभर कर, त्याहून कमी कर. वाढलेल्या जमिनीला त्या वाढीनं भाग. काय उरतं?"

ती मातीत रेघा ओढीत बराच वेळ बसली. मग म्हणाली, "दोन कडा उरतात. कोपरा उरतच नाही."

"झालं तुझं विकलन."

परतताना गुरुजींनी न्यूटन आणि लायब्निझ यांच्या आधी पाचशे वर्षे, ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचा केलेला विचार सांगितला. मुलगी ऐकत नव्हती. ती बांधावरची झाडे मोजीत होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा एक स्नेही फराळाला आले होते. "काय शिकतेस?" त्यांनी विचारले. "गणित," ती म्हणाली. सवयीने माझ्या तोंडून निघाले, "तसं आमच्या घराण्यात—"

चहाचा ट्रे घेऊन ती दारात उभी होती. मी स्नेह्यांना साखर किती ते विचारले.