किसणी

प्रदर्शनाला गेलेल्या मनुष्यास आपल्या स्वयंपाकघराची आठवण यावी, हें थोडें चमत्कारिक खरें. परंतु २०१६ सालच्या उन्हाळ्यांत लंडनमध्यें माझें तसें झालें. मुक्काम पुतण्याकडे होता. एके दिवशीं त्यानें मला टेम्सच्या कांठीं टेट मॉडर्न या कलासंग्रहालयांत नेलें. तेथें मोना हातूम या शिल्पकर्त्रीच्या कृति मांडल्या होत्या.

शिल्प म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वेरूळचा दगड उभा राहतो. येथें समोर उभी होती किसणी! तीन पानांची, बिजागऱ्यांनीं जोडलेली, घडी होणारी. मात्र पुरुषभर उंच. खोलींत आडोशाला लाकडी पडदा ठेवतात, तशी ती पोलादी किसणी ठेवली होती, आणि तिचें एकेक भोंक बोट नव्हे, सबंध माणूस सोलून काढील असें वाटत होतें. नांव ‘ग्रेटर डिव्हाइड’, साल २००२. नांवांत इंग्रजी श्लेष आहे: ‘ग्रेटर’ म्हणजे किसणी, आणि तशाच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अधिक मोठी’, ‘डिव्हाइड’ म्हणजे दुरावा.

या बाईंचा जन्म १९५२ सालीं बैरूतमधला. आईबाप पॅलेस्टिनी, १९४८ सालीं हैफा सोडून आलेले. १९७५ सालीं बाई थोड्या दिवसांसाठीं लंडनला आल्या, मागें लेबॅननमध्यें यादवी पेटली, आणि परतीची वाट बंद झाली. घर आणि दुरावा हे शब्द त्यांना कोशांतून शिकावे लागले नसतील.

पलीकडे ‘होमबाउंड’ ही २००० सालची कृति होती. टेबल, खुर्च्या, खाट, चाळण्या, किसण्या, सारा संसार विजेच्या तारेनें एकमेकांस जोडलेला. भांड्यांखालचे दिवे मंद होत, पुन्हां उजळत, आणि तारेंतली गुणगुण ध्वनिवर्धकांतून मोठी होऊन ऐकूं येई. पुढें आडव्या तारांचें कुंपण; आंत पाऊल टाकण्याची सोय नाहीं. नित्याच्या वस्तूला असें वांकडें वळण देण्याची रीत जुनीच आहे. १९२१ सालीं पॅरिसमध्यें मॅन रे यानें इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची ओळ चिकटवली होती. पण त्या इस्त्रीचें मला हंसूं येतें. येथें आलें नाहीं.

खरें सांगतों, मला राग आला. स्वयंपाकघर हा घराचा गाभारा, असें मी जन्मभर म्हणत आलों. बारा माणसांच्या आमच्या घरांत वहिनींच्या हातचें आयतें जेवून तसें म्हणणें सोपेंहि होतें. आणि या बाईंनीं त्या गाभाऱ्यांत वीज सोडली!

तरी तिच्या चित्रांचें एक पुस्तक विकत घेतलें, आणि पुण्यास परतल्यावर वहिनींपुढें ठेवलें. वहिनी १९६८ सालीं आमच्या घरीं आल्या, त्या चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा उत्तीर्ण होऊन. वस्तुचित्राला तांब्या आणि दोन वांगीं होतीं, असें त्या कधींमधीं सांगत. लग्नानंतर रंगांची पेटी माळ्यावर गेली. ती खालीं काढा, असें कोणी म्हटलें नाहीं, मींहि नाहीं.

त्यांनीं चष्मा लावून किसणीचें चित्र पुष्कळ वेळ पाहिलें. मला वाटलें, आतां हंसतील.

“भावजी, ही आडवी पाडली तर हिची बाज होईल,” त्या म्हणाल्या.

मी चमकलों. २००८ सालीं हातूमबाईंनीं नेमकें तेंच केलें आहे: किसणी आडवी करून माणूस निजेल एवढा पलंग. वहिनींना हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पुस्तकाचें पुढचें पानहि त्यांनीं अजून उलटलें नव्हतें.

“तुम्हांला हिची भीति नाहीं वाटत?” मीं विचारलें.

“भीति कसली? ओळखीची आहे.”

मग त्यांनीं खिळ्यावरची आमची किसणी काढली, उजेडांत तिरकी धरली, आणि तिच्या भोंकांच्या ओळी मोजूं लागल्या. थोड्या वेळानें नातवाच्या दप्तरांतून एक पेन्सिल मागवली. तिचें टोक मोडलेलें होतें. तें त्यांनीं विळीवर काढलें.